दिवाळीत घरच्या बाईला मोकळा तास कोण देणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र सरलं की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक सल्ला हमखास येतो : दिवाळीच्या गडबडीत गृहिणींनी स्वतःसाठीही थोडा वेळ काढावा. सल्ला मायेनंच दिलेला असतो. पण तो जिला दिला जातो, तिचे हात तेव्हा पिठात असतात. तिनं नेमकं कुठलं काम बाजूला ठेवायचं आणि ते उचलायचं कुणी, हे मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

मी नौपाड्यात राहते, नोकरी मुंबईत. दिवाळीच्या आधी लेडीज डब्यात दुसरा विषय नसतो. कुणाची भाजणी दळायची राहिलेली, कुणी ठाण्याला उतरल्यावर जांभळी नाक्याच्या बाजारात जाऊन मग घरी जाणार. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं २०१९चं वेळ-वापर सर्वेक्षण सांगतं की, स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात सव्वीस. हे झालं एरवीचं. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजवून रोज त्यांचं पाणी बदलायचं, मोहन जास्त होऊन चकली तेलात विरघळली की पुन्हा पीठ मळायचं, माळ्यावरचे डबे उतरवून घासायचे, हे सगळं त्याच्यावर.

खरं तर नरक चतुर्दशीची पहाट सुरू होते ती शरीराचे लाड करण्यानं. तेल, उटणं, कढत पाणी. आमच्या सासूबाई लग्न होऊन आल्यापासून घरातल्या प्रत्येकाला तेल लावत आल्या. त्यांची स्वतःची आंघोळ व्हायची ती उजाडल्यावर, सगळ्यांचं फराळाचं आटोपून. गेल्या वर्षी मी त्यांनाच आधी पाटावर बसवलं. पाठीला तेल चोळत होते तरी त्यांचं ‘अगं, पोराला उठव, उशीर होतोय’ चाललेलंच. मग हळूहळू त्या बोलायच्या थांबल्या. नंतर त्यांनी माझ्या केसांना तेल लावलं, अगदी सावकाश. तोवर औक्षणाचं ताट मुलानं तयार केलं आणि चहा त्याच्या बाबांनी टाकला. कुणालाही उशीर झाला नाही.

त्याआधी आम्ही कामं वाटून घेतली होती. चिवडा नवऱ्याकडे, पोहे चाळण्यापासून डबा भरेपर्यंत. जळमटं, पंखे, माळे मुलाकडे. एकदा दिलेल्या कामात मी डोकावायचं नाही, हेही ठरलं होतं, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नाहीतर काम त्यांच्या हातात राहतं आणि काळजी आपल्या डोक्यात. संध्याकाळी सात ते आठ मी घरात नसते. कचराळी तलावाला फेऱ्या मारते, त्याही फोन घरी ठेवून.

दिवाळी अंकांचीही मला फार खंत वाटते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या सणाला वाचन जोडलेलं आहे. आपल्या ठाण्यात तर मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून उभं आहे. पण किती घरांत अंक बाईच्या हाती तुळशीचं लग्न उरकल्यावर येतो! लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तिनं अंक घेऊन आडवं व्हावं, तर ‘आज काय वाचत बसलीस?’ हे ऐकावंच लागतं.

फराळ विकत आणण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. मात्र ऑर्डर वेळेत द्यावी. शेवटच्या दोन दिवसांत किलोकिलोनं मागणी करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की, फराळ करून देणाऱ्या बायकांच्या दारातही पणत्या लावायच्या असतात. घरकामाच्या मावशींना ज्यादा साफसफाई सांगायची, तर तिचे पैसे वेगळे द्यावेत आणि भाऊबीजेची सुट्टी त्यांनी न मागता द्यावी.

दिवाळीच्या पहाटे ठाण्यातली तलावपाळी आणि राम मारुती रोड तरुण मुलामुलींनी फुलून जातो. ती गर्दी पाहून मलाही आनंद होतो. नटूनथटून निघालेल्या या मुलांनी घराबाहेर पडताना आईलाही सोबत न्यावं आणि परतल्यावर ताटं त्यांनी वाढावीत.

आपल्याला एक विनंती आहे. यंदाच्या पुरवणीत स्वतःसाठी वेळ काढण्याचा लेख असेलच, तर तो घरातल्या बाकीच्यांना उद्देशून लिहून घ्यावा. भाजणी दळून कशी आणायची, कढईतलं उरलेलं तेल कसं गाळून ठेवायचं, हे त्यांना सांगावं. आणि पाककृतींच्या पानावरचं ‘खास गृहिणींसाठी’ हे शीर्षक तेवढं काढून टाकावं.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)