पर्वती आहे, असे समजतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक फळा आहे. म्हणजे गेल्या सोमवारपर्यंत होता. वरच्या मजल्यावरचे आजोबा रोज सकाळी गच्चीवर जाऊन येत आणि त्यावर खडूने लिहीत : ‘आज पर्वती स्वच्छ दिसते.’ नाहीतर, ‘धुके. देऊळ अर्धेच.’ गुडघ्यांनी पर्वतीच्या १०३ पायऱ्या बंद केल्या, तेव्हापासूनचा हा नेम. दूधवाला वाचायचा, शाळेची पोरं वाचायची. निवृत्तीनंतर मीही पेपराच्या आधी फळा वाचू लागले (रागावू नये). दोन वर्षांपूर्वी मध्ये बारा मजली इमारत उभी राहिली. तेव्हापासून फळ्यावर रोज एकच ओळ : ‘पर्वती आहे, असे समजतो.’

‘प्रवेशद्वाराच्या शोभेस बाधा’ असा ठराव करून कमिटीने फळा उतरवला. आजोबा काही बोलले नाहीत.

माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळ असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिथल्या जोशुआ नॉर्टनची गोष्ट कळली. हा चांगला पैसेवाला व्यापारी, पेरू देशातल्या तांदळाच्या सट्ट्यात बुडाला. १७ सप्टेंबर १८५९ रोजी त्याने आपण अमेरिकेचे सम्राट असल्याचा जाहीरनामा एका वर्तमानपत्राला दिला. आणि संपादकाने तो छापला! पुढे वीस वर्षं हे महाराज निळा लष्करी डगला घालून गावभर फिरले. स्वतःच्या नावाच्या नोटा काढल्या, लोकांनी त्या घेतल्या. १८६७ साली एका पोलिसाने वेडा म्हणून धरून नेलं, तर वर्तमानपत्रं खवळली. पोलीसप्रमुखाने सोडून दिलं आणि त्यानंतर पोलीसच रस्त्यात सलाम ठोकू लागले. १८७२ साली हुकूम निघाला : खाडीवर पलीकडच्या ओकलंड शहरापर्यंत पूल बांधा. तो पूल १९३६ साली खुला झाला. मी त्यावरून गाडीतून गेले आहे. १८८० साली नॉर्टन भर रस्त्यात कोसळून गेला, तेव्हा अंत्ययात्रेला हजारो माणसं होती.

माणूस भ्रमिष्ट असेलही. मला कौतुक त्याच्यापेक्षा नोट घेणाऱ्या दुकानदाराचं वाटतं. आपण पुणेकर जुन्या पाट्यांचे फोटो मोबाइलवर फिरवून ‘अस्सल पुणेरी’ म्हणून हसतो, आणि रोज नवी पाटी लिहिणारा शेजारी मात्र शोभेला बाधा!

कमिटीशी भांडण्याचं माझं वय नाही. विनंती आपल्याला आहे. हवामानाच्या चौकटीत आपण सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा देता, त्याखाली आजोबांच्या एका ओळीला जागा द्यावी. मजकूर बदलत नसल्यामुळे आदल्या रात्री छापायला अडचण येऊ नये.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
सदाशिव पेठ, पुणे