ताई, तुमच्यामुळं आई हॉटेलात बसून राहिली नाही

प्रिय ताई,

थँक्यू तर मी तुम्हाला व्हॉट्सअॅपवर म्हटलंच होतं, पण हे दोन ओळीत संपणारं नाहीये. आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण आपल्या सोलापूरची कितीतरी पोरं आता बाहेर शिकायला नोकरीला आहेत, त्यांच्याकडं आईबाबा आजीआजोबा जातात, आणि डोंगरात जायचं म्हटलं की प्रत्येक घरात हाच प्रश्न येतो की एकाला झेपतं ते दुसऱ्याला झेपत नाही, मग करायचं काय.

आमची तुमची ओळख म्हणाल तर काहीच नव्हती. मावशीनं नंबर दिला, म्हणाली आपल्या होटगी रोडची पोरगी आहे, बर्नला असते, डोंगरातच फिरत असते, विचार तिला. आमचं भाच्याकडं जर्मनीला जायचं ठरलं होतं आणि तिथनं पुढं स्वित्झर्लंड, बरोबर आई ७१ वर्षांची गुडघेदुखीवाली, बाबा बीपीच्या गोळ्यांवर, आमचे हे सह्याद्रीत भटकणारे, आठ वर्षांचं पोरगं, आणि भाचा जो कुठलाही डोंगर दिसला की पळत सुटतो. एका ट्रॅव्हलवाल्यानं तर सरळ सांगितलं होतं की आजींना हॉटेलवर ठेवा, तुम्ही फिरून या. आई लगेच म्हणाली ठेवा की, मी बसते. ते तिचं ‘मी बसते’ मला फार लागलं होतं हो ताई, कारण ती आयुष्यभर तेच म्हणत आलीय.

तुम्हाला फोन केला तेव्हा मी विचारलं कुठला ट्रेक सोपा आहे, तर तुम्ही ट्रेकचं नावच काढलं नाहीत. तुम्ही विचारलंत, आईंचा गुडघा जिना चढताना जास्त दुखतो का उतरताना? बाबांना धाप कधी लागते, सपाटीला का चढाला? पोरगं कंटाळल्याशिवाय किती वेळ चालतं? हे प्रश्न आम्हाला तोपर्यंत कुणीच विचारले नव्हते, घरातल्या घरात आम्हीही एकमेकांना विचारले नव्हते. आई उतरताना रडकुंडीला येते, चढताना सावकाश का होईना चढते. बाबांचं बरोबर उलटं. हे आम्हाला त्या फोनमुळं कळलं.

मग तुम्ही ओशिनेनझे नावाचं डोंगरातलं तळं सांगितलंत. कांडरस्टेग गावापर्यंत रेल्वे, तिथनं गोंडोलात, म्हणजे तारेवरनं जाणाऱ्या पाळण्यात, बसून वर, आणि वरच्या स्टेशनपासून तळं पायी वीस-पंचवीस मिनिटांवर. आईला ऑक्सिजनची भीती होती, टीव्हीवर लडाखचं काहीबाही बघितलेलं. तुम्ही तिला स्वतः फोनवर समजावलंत की तळं १५७८ मीटरवर आहे, आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे तळं कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही खालीच, हवा विरळ होऊन त्रास व्हायची भानगड साधारण अडीच हजाराच्या वर सुरू होते. त्या एका वाक्यानंतर आईनं बूट आणायला सांगितले. खरंच.

आणि मेची सुट्टी नको म्हणालात ते किती बरं झालं. आम्ही इथं ४४ डिग्रीत भाजून निघतो म्हणून मेमध्येच पळायचं डोक्यात होतं, पण मेमध्ये तळं अजून गोठलेलं असू शकतं, वरच्या वाटांवर बर्फ असतो. म्हणून ऑगस्टच्या शेवटी, पोराची शाळा थोडी बुडवून.

आता त्या दिवसाचं. तुमचा तो नकाशाचा फोटो, ज्यावर तीन रंगांच्या पेननं तीन रेघा आणि तिन्ही तळ्याकाठच्या एका ठिपक्यावर येऊन मिळतायत, तो मी प्रिंट काढून ठेवलाय. गोंडोलाचं वरचं स्टेशन तळ्यापेक्षा शंभरेक मीटर उंच आहे, म्हणजे जाताना उतार आणि परत येताना, दमल्यावर, चढ. बहुतेक लोक जाताना चालत जातात आणि परतीला त्या बॅटरीवरच्या छोट्या गाडीची वाट बघतात. तुम्ही आईसाठी नेमकं उलटं लिहिलंत, जाताना गाडी आणि येताना दोन काठ्या घेऊन पायी, कितीही वेळ लागू दे. बाबांना जाताना पायी, येताना गाडी. गाडीचं आधीच विचारून ठेवायला लावलंत. आई तो चढ चढून आली ताई! दर थोड्या वेळानं थांबत, पाणी पीत, एकदा तर बाकावर बसून तिथल्या एका आजीशी खाणाखुणांनी गुडघ्यांबद्दल बोलत. वर पोचल्यावर तिनं काठ्या माझ्या हातात दिल्या आणि बाबांना म्हणाली, तुम्ही गाडीतनं आलात, मी चालत आले.

बाबा पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेत, उजनी धरणावर कितीतरी वर्षं काढलेली, त्यामुळं तळ्याकाठी पोचल्या पोचल्या त्यांचा पहिला प्रश्न, सांडवा कुठाय? तुम्ही हे आधीच ओळखून त्यांच्यासाठी वेगळा व्हॉइस मेसेज पाठवला होतात, तो त्यांनी तिथं बसून दोनदा ऐकला. की हा बांध कुणी बांधलेला नाही, डोंगराचा कडा कोसळून दगडांची रास झाली आणि पाणी अडलं, सांडवा नाहीच, पाणी त्या राशीच्या पोटातनं झिरपून खाली निघतं, म्हणून पातळी हिवाळा-उन्हाळ्यात कित्येक मीटरनं खालीवर होते. खोली ५६ मीटर. आणि तो निळा-हिरवा रंग हिमनदीनं दगड दळून केलेल्या बारीक पिठाचा, जे पाण्यात तरंगत राहतं. बाबा काठावरची ओल्याची रेघ बघून पातळी किती उतरलीय त्याचा अंदाज लावत बसले होते, त्यांना दुसऱ्या कुठल्या करमणुकीची गरजच नव्हती.

आम्ही बाकीचे हॉयबेर्गच्या वाटेनं. स्टेशनवरनं वर जंगलातनं चढ, मग तळं एकदम पायाखाली दिसतं तो कडा, पुढं ओबरबेर्गली नावाचं कुरण जवळपास १९८० मीटरवर, तिथनं एकदम खडा उतार उंटरबेर्गलीला आणि मग तळं. पूर्ण फेरी आठ-नऊ किलोमीटर. हे म्हणाले एवढंच? तेव्हा तुम्ही तो हिशोब शिकवलात की दर शंभर मीटर चढाला एक किलोमीटर जास्त धरायचा, चढ साडेचारशेच्या आसपास म्हणजे अंगाला तेरा किलोमीटर. आणि तिथल्या पिवळ्या पाट्यांवर जो वेळ लिहिलेला असतो तो न थांबता चालणाऱ्याचा असतो, सपाटीला तासाला ४.२ किलोमीटर धरून, त्यात फोटो, पाणी, पोराची शू काही नाही, म्हणून आम्ही दीडपट धरायचा. अगदी तेवढाच लागला. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्याची वाट म्हणजे डोंगरवाट, बूट चांगले हवेत, पांढरी-निळी-पांढरी दिसली तर तिकडं वळायचंच नाही, हे तर आता पोरगंही सगळ्यांना सांगत फिरतं. मी आणि पोरगं हॉयबेर्गच्या कड्यावरनं मागं फिरलो, कारण पुढचा उतार त्याला नको असं तुम्ही लिहिलं होतं, आणि त्याला उन्हाळी घसरगाडीचं आमिषही तुम्हीच सुचवलेलं, ती स्टेशनजवळच होती.

भाच्याला त्याच्याही वर, ब्लुम्लिसाल्पच्या हटपर्यंत, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या घरापर्यंत, जायचं होतं. २८४० मीटर. मी नको म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं, तुम्ही त्याला नाही म्हणालातच नाही, फक्त गणित करायला लावलंत. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम, दर ६०० मीटर चढाला एक तास, अंतराचा वेळ वेगळा. तळ्यापासून साडेबाराशे मीटरच्या वर चढ, म्हणजे नुसत्या चढाचेच दोन तासांपेक्षा जास्त, मग अंतर, मग परत उतरणं, दुपारनंतर ढग गडगडायची शक्यता आणि शेवटची गोंडोला. त्यानं कागदावर मांडलं आणि स्वतःच म्हणाला, हे मुक्कामाचं आहे, पुढच्या वर्षी. ओबरबेर्गलीला त्यानं चीज खाल्लं आणि मामांबरोबर खाली आला. वर स्पिट्झे स्टाय नावाच्या डोंगराचा भाग सरकतोय, त्यामुळं काही वाटा बंद असतात, तिथल्या दोरीच्या पलीकडं पाय टाकायचा नाही, हे तुम्ही त्याला जरा कडक आवाजात सांगितलं होतं, त्याची गरज होती.

आणि मग सगळे त्या ठिपक्यावर. गवतावर चादर टाकून, अर्थात सोलापुरीच, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही तिथल्या दुकानातलं. शेजारच्या बाकावरच्या बाईंना आईनं भाकरीचा तुकडा दिला, त्यांनी चटणी जरा जास्तच घेतली आणि मग सगळं पाणी पिऊन टाकलं. आमच्यातलं कुणीही त्या दिवशी कुणाची वाट बघत ताटकळलं नाही, कुणी कुणाला ओढलं नाही, आणि कुणी मागंही राहिलं नाही. मला वाटतं हे जमवणं कुठल्याही शिखरापेक्षा अवघड आहे, आणि ते तुम्ही जमवलंत, आम्हाला न बघता, ऑफिस सांभाळून, रात्री व्हॉइस मेसेज पाठवून.

इथं येऊनही आईचा जिना चालूच आहे. तुम्ही जाण्याआधी सांगितलेलं की सिद्धेश्वर तळ्याकाठी सपाटीला चालून डोंगराची तयारी होत नाही, जिने चढा, उतरताना कठड्याला धरा. बाबांना आम्ही नळदुर्गच्या किल्ल्यात नेऊन उपळ्या बुरुजाच्या पायऱ्यांवर सराव करवला होता, आता ते परत कधी जायचं विचारतात.

चटणीचं पार्सल पाठवलंय, तिखट कमी केलेलं नाही. आणि अजून एक. तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात की तुमच्या आई गर्दीमुळं बरीच वर्षं गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, अक्षता सोहळ्याला गेल्या नाहीत. जानेवारीत तुम्ही येणार असाल तर तारखा आधी कळवा. सकाळी किती वाजता निघायचं, गाडी कुठपर्यंत जाते, अक्षता पडतात तो संमती कट्टा दिसेल अशी बसायची जागा कुठं मिळेल आणि गर्दी सुटायच्या आधी कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं, हे बाबा आत्तापासूनच काढतायत. फक्त एवढं सांगा, तुमच्या आईंना किती वेळ उभं राहवतं, आणि पायरी चढताना त्रास होतो का उतरताना?

तुमचीच,
जुळे सोलापूरची तुमची नवी बहीण