रोजगार हमी योजनेच्या जनकास कृतज्ञतेचे पत्र

आदरणीय कै. वि. स. पागे यांस,

सादर प्रणाम.

१९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरही कित्येक उन्हाळे माझी आजी माणदेशात पाझर तलावाच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामांवर मातीच्या पाट्या उचलत होती. तिला मस्टर, मुकादम आणि पगाराचा दिवस एवढेच ठाऊक होते; या कामामागे आपण आहात, हे तिच्या कानावर कधी आले नाही. म्हणून तिच्या वतीने मी आपले आभार मानते आहे.

तासगाव तालुक्यातील विसापूरचे आपण, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले, संतवाङ्मयाचे अभ्यासक आणि १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती. सभापतीच्या हाती ना खाते असते, ना तिजोरी. तरीही पाऊस हुकला की धडधाकट माणसालाही कामाअभावी उपाशी राहावे लागते, ही गोष्ट आपल्याला स्वस्थ बसू देईना. १९६५ मध्ये आपण मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्र लिहून मागेल त्याला काम देण्याची कल्पना मांडलीत आणि तिचा पहिला प्रयोग तासगाव भागातच झाला.

दुष्काळी कामे इंग्रजांच्या काळापासून निघत होती, पण ती सरकारच्या मर्जीने सुरू होत आणि मर्जीनेच बंद पडत. आपल्या विचारातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि मजुराला अर्ज केल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता मागण्याचा अधिकार मिळाला. भत्ता प्रत्यक्षात किती जणांच्या हाती पडला हा प्रश्न वेगळा; पण काम मागणारी बाई आता कोणाची मेहेरबानी मागत नव्हती, हे मला फार मोठे वाटते. याच धर्तीवर २००५ मध्ये देशाचा कायदा झाला.

योजनेच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावला गेला आणि शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराची मजुरी निघू लागली. आज पुण्यात माझ्याही पगारातून तो कर दरमहा कापला जातो आणि तो मी आनंदाने भरते.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. गावच्या शेतात बाईला गड्यापेक्षा कमी मजुरी मिळत असे. हमीच्या कामावर मात्र मोजमाप खोदलेल्या मातीचे होत असे आणि दर दोघांना सारखाच असे. आजीने त्याच पैशांतून माझ्या आईची शाळा चालू ठेवली.

आपली कृतज्ञ,
रोजगार हमीच्या कामावरील एका मजूर बाईची नात