दवाखान्याच्या सभासदत्वाविषयी आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

समोर बसून हा विषय काढला की बाबा वर्तमानपत्र उघडतात आणि आई, तू चहा ठेवायला उठतेस, म्हणून लिहून पाठवते आहे. ठाकूरद्वारजवळच्या नव्या दवाखान्यात मी तुम्हा दोघांचे वर्षभराचे सभासदत्व घेतले आहे आणि फीही भरून टाकली आहे. आधी विचारले असते तर तुम्ही नकोच म्हणाला असता. तुमच्यावर काही लादावे असा हेतू मनात नाही. पण बोरिवलीहून गिरगावात पोहोचेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात तुमच्या जवळ कोणीतरी जाणते हवे, ही काळजी मला आता स्वस्थ बसू देत नाही.

डॉक्टरकाकांनी दवाखाना बंद केल्यापासून तुमच्या तब्येतीची सगळी हकीकत ठाऊक असलेला एकही माणूस उरलेला नाही. दिवाळीत फडताळातली औषधांची पिशवी मी पलंगावर रिकामी केली, तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्यांच्या दोन निराळ्या नावांच्या पट्ट्या हाती आल्या आणि दोन्हींच्या मागे बारीक अक्षरांत ‘टेल्मिसार्टन ४०’ हेच छापलेले होते. दोन तज्ज्ञांनी आपापल्या परीने योग्य तेच लिहून दिले होते. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणारे मात्र कोणी नव्हते. बाबा, सकाळी अंथरुणातून उठताना तुम्हाला गरगरायचे आणि तुम्ही ते ऑक्टोबरच्या उन्हावर ढकलत होता, हे आठवले की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

या दवाखान्यात फी वर्षाची एकदाच घेतात. मग महिन्यातून एकदा जा किंवा चारदा, दर खेपेला पैसे मोजावे लागत नाहीत. एकच डॉक्टर तुम्हाला नेहमी पाहतील, पहिल्या भेटीला निवांत वेळ देतील आणि साध्या शंकेसाठी फोनवर बोलतील. दादा अमेरिकेत अशाच पद्धतीच्या डॉक्टरांकडे जातो. तिथे हे डॉक्टर विमा कंपनीकडे बिलच पाठवत नाहीत, महिन्याची ठरावीक फी घेतात आणि एरवी एका डॉक्टरकडे दोन हजारांहून अधिक रुग्ण असतात तिथे ते काही शेच ठेवतात. या पद्धतीचे खरे मर्म मला तरी इथेच दिसते, कारण पैसे आधीच मिळालेले असले की घाईने रुग्ण हातावेगळे करण्यात डॉक्टरांचा काही फायदा उरत नाही. सभासद भरमसाट घेतले तर हीच व्यवस्था कोलमडेल. म्हणून एका डॉक्टरकडे किती सभासद ठेवता आणि डॉक्टर सोडून गेले तर उरलेली फी परत देता का, हे दोन्ही मी त्यांच्याकडून लिहून घेतले आहे.

बाबा, ‘आजारी नसताना पैसे कशाला?’ असे तुम्ही म्हणालच. नोकरीची सगळी वर्षे तुम्ही चर्नी रोडचा पास काढलात, तसेच हे समजा. आणि पासावर छापलेल्या स्थानकापुढे तो चालत नाही, हेही तसेच. रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च, शस्त्रक्रिया, तज्ज्ञांची फी आणि औषधे यांतले काहीही या फीत येत नाही. म्हणून मेडिक्लेमचा हप्ता मुळीच थांबवायचा नाही. तुमची पॉलिसी दाखल झाल्यावरच उपयोगी पडते, बाहेरच्या बाहेर डॉक्टरांना दाखवण्याचे पैसे ती देत नाही; ती उणीव हे सभासदत्व भरून काढेल. त्याखेरीज ७० वर्षे व त्यावरील सर्वांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्डही काढून ठेवू. उत्पन्न कितीही असले आणि मेडिक्लेम असला तरी ते मिळते, आणि तुम्हा दोघांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार त्यात होतात.

आई, तुझ्या गुडघ्यांचा विचार मी आधी केला. रक्त घ्यायला माणूस घरी येईल, त्यामुळे दर तीन महिन्यांनी होणाऱ्या साखरेच्या तपासणीसाठी उपाशीपोटी तीन जिने उतरायला नकोत. तुझी सकाळची पूजा, बाबांचे चौपाटीवरचे फिरणे, दुपारची झोप, यांतले काही बदलणार नाही. मला गोवर निघाला होता तेव्हा बाबा रात्री मला खांद्यावर घेऊन तेच जिने उतरले होते आणि तू मागून बॅटरी धरली होतीस. तुमच्यासाठी काही करायचे म्हटले की मला अजूनही ती रात्रच आठवते.

आता नीट ऐका. छातीत दुखले, तोंड वाकडे झाले किंवा बोलताना जीभ अडखळली, तर दवाखान्याला फोन करत बसायचे नाही; थेट १०८ लावायचा आणि शेजारच्या वहिनींना हाक मारायची. कोणत्याही तज्ज्ञाने नवी गोळी दिली, तर या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ती सुरू करायची नाही. जुनी मनाने बंदही करायची नाही. शनिवारी साडेदहाची वेळ घेतली आहे आणि मी नऊपर्यंत घरी येते. बाबा, औषधांची पिशवी आवरू नका, आहे तशीच बरोबर घ्यायची आहे. वर्षभरानंतर तुम्हाला हे पटले नाही तर पुढची फी मी भरणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
मनू