जुना स्टिरिओ मोडीत काढण्याची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकात साठवलेले संगीत बिनतारी ऐकायचे असेल, तर घरातला जुना ॲम्प्लिफायर आणि स्पीकर काढून त्यांच्या जागी ‘स्मार्ट’ स्पीकर घ्यावा, असा सल्ला आपल्या रविवार पुरवणीतील लेखात देण्यात आला आहे. लेख सोप्या भाषेत लिहिलेला आहे, परंतु हा सल्ला मला पटला नाही. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर नीट वापरले तर तीस-तीस वर्षे चालतात. बिनतारी संगीत ग्रहण करणारा इलेक्ट्रॉनिक भाग मात्र थोड्याच वर्षांत कालबाह्य होतो. या दोघांना एकाच डब्यात कोंबले की टिकाऊ भागाचे आयुष्य अल्पायुषी भागाएवढेच उरते.

माझ्याकडील ॲम्प्लिफायर १९९१ सालचा आहे. आवाजाचे बटण फिरवताना खरखर येऊ लागली म्हणून ते एकदा साफ करून घेतले आणि एकदा दोन कपॅसिटर बदलले, एवढीच त्याची आजवरची दुरुस्ती. त्याच्या मागच्या बाजूला ‘ऑक्स’ लिहिलेली लाल-पांढरी भोके आहेत आणि आजच्या कोणत्याही उपकरणाला त्याच्याशी जोडण्यासाठी तेवढी पुरेशी आहेत. सुरुवातीला मी लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून सरळ वायर ओढली होती. परंतु चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक ‘हम्’ सुरू होई, कारण चार्जर आणि ॲम्प्लिफायर या दोघांच्या विजेच्या जोडण्या त्या वायरमुळे एकमेकींशी जोडल्या जात. बिनतारी जोडणीत हा प्रश्न मुळातच मिटतो. त्यामुळे तिला नुसती हौस म्हणता येणार नाही.

बिनतारी म्हणजे ब्लूटूथ, असा समज त्या लेखामुळे होण्याची शक्यता आहे. ब्लूटूथ स्वस्त आणि सोपे आहे, हे मान्य. परंतु सीडीवरील संगीत सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट एवढे असते, तर ब्लूटूथची सर्व उपकरणांना समजणारी मूळ पद्धत, एसबीसी, ते सहसा ३२८ किलोबिटांच्या आत दाबून बसवते. लावणी किंवा चित्रपटगीत ऐकताना हा फरक कदाचित जाणवणारही नाही. मी मिरजेत राहतो, जिथे तंबोरे घडतात, आणि म्हणूनच असेल, पण तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झंकार, ब्लूटूथवर माझ्या कानांना बोथट वाटते. शिवाय दोन जाड भिंती मध्ये आल्या की आवाज तुटू लागतो. लॅपटॉपऐवजी मोबाइल जोडला असेल, तर ऐन आलापात फोनची घंटा स्पीकरवरून घुमते ती वेगळीच.

वाय-फायवरून तेच संगीत काहीही न गाळता पाठवता येते. ॲपलने २००४ साली भिंतीवरील सॉकेटमध्ये बसणारा एअरपोर्ट एक्सप्रेस नावाचा छोटा डबा आणला, तो हेच करत असे: संगणकाने गाणे वाय-फायवर सोडायचे आणि डब्याने ते वायरीने जुन्या स्टिरिओला द्यायचे. पुढे या पद्धतीला एअरप्ले हे नाव मिळाले. तिच्यात ग्रहण करणारे यंत्र सुमारे दोन सेकंदांचे संगीत आगाऊ साठवून ठेवते. त्यामुळे नेटवर्क क्षणभर अडखळले तरी गाणे तुटत नाही, मात्र ‘थांबा’ दाबल्यावर ते थांबायलाही किंचित वेळ लागतो. ख्याल ऐकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी. पुष्कळ सीडींवर विलंबित आणि द्रुत असे दोन भाग केलेले असतात, पण प्रत्यक्ष मैफलीत त्यांच्यात खंड नसतो. काही उपकरणे दोन फायलींच्या मध्ये क्षणभर गप्प होतात, आणि नेमका समेवर येतानाचा तो खड्डा फार खटकतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. स्क्वीझबॉक्स नावाचे असेच एक यंत्र २००३ साली बाजारात आले, २०१२ साली त्या मालिकेचे उत्पादन बंद झाले, आणि तरीही अनेक घरांत ती यंत्रे आजही वाजत आहेत. याचे कारण असे, की संगणकावर चालणारा त्यांचा सर्व्हर, म्हणजे त्यांना संगीत पुरवणारे सॉफ्टवेअर, खुला (कोणालाही पाहता-बदलता येणारा) होता आणि हौशी मंडळी ‘लिरियन’ या नावाने तो आजही अद्ययावत ठेवत आहेत. याउलट क्रोमकास्ट ऑडिओ हे स्टिरिओला जोडायचे छोटे यंत्र २०१५ साली आले, २०१९ साली त्याचे उत्पादन थांबले, आणि मार्च २०२५ मध्ये यंत्राची ओळख पटवणाऱ्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपताच ते अनेक घरांत एकाएकी निकामी झाले. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, हे खरे; पण ग्राहकाच्या हाती वाट पाहण्यापलीकडे काहीही नव्हते. हाच प्रसंग स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि वाय-फाय एकत्र असलेल्या महागड्या डब्यावर आला आणि दुरुस्ती आलीच नाही, तर चांगले चालणारे स्पीकरही भंगारवाल्याकडे जाणार.

म्हणून मी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ॲम्प्लिफायरच्या मागे ठेवला आहे. त्याला ध्वनीचे एक छोटे कार्ड जोडले आणि एअरप्लेवरून आलेले संगीत ग्रहण करणारे शेअरपोर्ट-सिंक हे मोफत, खुले सॉफ्टवेअर घातले. ते घालताना माझी एक पूर्ण संध्याकाळ आणि भाच्याची अर्धी रात्र गेली, हेही प्रामाणिकपणे सांगतो. प्रत्येकाला हा उद्योग जमेल किंवा आवडेल असे नाही. ज्यांना तो नको, त्यांच्यासाठी वाय-फाय ग्रहण करून ‘ऑक्स’ला जोडता येणारे तयार डबेही मिळतात. काहीही घेतले तरी ते बिघडल्यावर तेवढेच बदलावे लागेल आणि १९९१ चा ॲम्प्लिफायर जागेवरच राहील.

आपल्या पुरवणीत अशा उपकरणांची परीक्षणे नियमित येतात. त्यांत किंमत आणि रंग यांच्या जोडीला, घरातील इंटरनेट बंद असतानाही संगणकातील संगीत त्यावर वाजते का, त्याला जुन्या स्टिरिओसाठी ‘लाइन आउट’ आहे का आणि किती वर्षे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याचे वचन कंपनीने लेखी दिले आहे, एवढी माहितीही छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज