तांबडीचा पाय आणि तुझे हात

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल तू मधेच फोन ठेवलास, म्हणून मी परत लावला नाही. ताई म्हणाली, लिहून पाठव, लिहिलेलं तो नीट वाचतो. तुझ्यावर ओरडायला लिहीत नाहीये. तांबडी कोंबडीच्या पायाचं सांगायचं आहे, तेवढंच सांगते.

तू पाठवलेला फोटो ताईनं मोठा करून दाखवला. तळव्याच्या मधोमध काळी खपली आहे आणि भोवती सूज. पावसाळ्यात कोंबड्यांना हे होतं. आपल्या अंगणात काळ्या मातीचा चिखल, त्यात ती पेरूवरून थेट सिमेंटच्या फरशीवर उडी मारते. गिरिराजची कोंबडी, वजनाला भारी. तळव्याला कुठं खरचटलं की तिथून जंतू आत शिरतात. ते बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस नावाचे असतात, आणि माणसाच्या जखमेतही तेच शिरतात. म्हणून कालही म्हटलं आणि आताही म्हणते, हातमोजे घाल. बोटाला साधा ओरखडा असला तरी घाल. शुगर तपासायला तुझी बोटं रोज टोचून टोचून काय झालीत, ते मला माहीत आहे.

बरं. ब्लेडनं कापून पू काढायचा विचार आधी सोड. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. तो घट्ट, पिवळसर गोळा होऊन आत बसतो, पिळून निघत नाही. पिळलं तर तो आणखी आत ढकलला जातो. तो काढणं डॉक्टरचं काम आहे. आपण एवढंच करायचं: कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाक, लिटरभर पाण्याला एक-दोन मोठे चमचे. मेडिकलमध्ये मिळतं. त्यात पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेव. ते पाणी तिला पिऊ देऊ नकोस, जुलाब होतात. तिला जुन्या पंच्यात गुंडाळ आणि डोळ्यांवर पंच्याचं टोक घे, गप्प बसते. मी मांडीवर घेतली की मान खाली टाकून झोपायचीसुद्धा.

खपली मऊ होऊन आपोआप सुटली तर सुटू दे, ओढू नकोस. पाय पूर्ण कोरडा कर, बोटांच्या मधेसुद्धा. मग बीटाडीन पाण्यात फिक्क्या चहाच्या रंगाइतकं करून लाव. मलम लावायचं तर साधं जंतुनाशक आण. दुखणं कमी करणारं औषध मिसळलेलं आणू नकोस, लिडोकेन-बेंझोकेन अशी नावं असतात, ती जास्त झाली तर पक्ष्यांना बाधतात. त्यावर गॉज आणि पट्टी. पट्टी आवळू नकोस. थोड्या वेळानं बोटं पाहा, सुजली किंवा गार पडली तर सोडून पुन्हा बांध. रोज नाही जमलं तर दिवसाआड बदल. काढलेला गॉज पिशवीत बांधून टाक, अंगणात नको. आणि हात साबणानं धू, मोजे घातले असले तरी.

आजीच्या वेळी तू सात-आठ वर्षांचा असशील. तिला साखर होती. पायात बाभळीचा काटा गेला, तिनं कोणाला सांगितलं नाही, हळद भरून हिंडत राहिली. बोट काढावं लागलं. नंतर घरी ड्रेसिंग मी करायची आणि तू माझ्या शिवणाच्या कात्रीनं गॉजचे चौकोन कापायचास, एकसारखे, काठ जुळवून. दुसरी पोरं तोंड फिरवून पळायची, तू नाही. आजी म्हणायची, या पोट्ट्याचा हात हलका आहे. मी तेव्हाच धरून चालले होते, हा डॉक्टर होणार. ते राहू दे. मिहानमधली तुझी नोकरी चांगलीच आहे, मी सगळ्यांना सांगते.

आजीनं दुखणं लपवलं, आणि तूही लपवतोस. साखरपुड्याच्या गडबडीत तुझी शुगर किती खाली गेली होती, ते मला ताईकडून कळलं. तुझ्याकडून काहून नाही? हे पुन्हा लेक्चर झालं, माफ कर. तू लहान नाहीस, काल तू म्हणालास ते बरोबरच आहे. पण लहान नसलेल्यांच्याही जखमा चिघळतात, बाबू.

तांबडीला इतर कोंबड्यांपासून वेगळी ठेव, मागच्या न्हाणीजवळच्या डालग्यात. खाली कोरडी तणस घाल आणि ओली झाली की लगेच बदल. खुराड्यातली बसायची दांडी फार उंच झाली आहे, ती दीड फुटावर आण आणि काठ रंध्यानं गोल करून घे. बाबांचा रंधा जिन्याखालच्या पेटीत आहे. बाकीच्यांचे तळवेही उलटून पाहा. पोपडी सुद्धा जरा जपून पाय टाकते असं मला निघायच्या आधीच वाटलं होतं.

दोन-चार दिवसांत सूज उतरली नाही, पाय गरम लागला, सूज बोटांच्या मधे चढली किंवा तिनं दाणे खाणं सोडलं, तर सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात ने. गाय होती तेव्हा बाबा तिथंच जायचे. अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारून घे, आणि तेवढे दिवस काकूंकडेही पाठवू नकोस.

एक मात्र म्हणते. नाइट शिफ्ट करून आल्यावरही ती लंगडते हे तुझ्या नजरेला पडलं. पाय नीट टेकत नाही, एवढं पाहायला घरात आणखी कोणी नव्हतं. बाबा असते तर त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं असतं.

ताईची तब्येत बरी आहे, पाय थोडे सुजतात, डॉक्टर चालेल म्हणाले. पोळ्यापर्यंत माझं येणं होईल असं वाटत नाही.

हातमोज्यांचा डबा फ्रिजच्या वर आहे, तुझ्या इन्सुलिनच्या सुयांच्या खोक्यामागे. कोंबडी धरायला काकूंना बोलाव, त्या नाही म्हणणार नाहीत. एकट्यानं एका हातानं धरून दुसऱ्यानं पट्टी बांधू नकोस, ती नखं मारते. आणि मारलंच नख, तर मला त्याच दिवशी सांग.

तुझी,
आई