रेनकोटाचं काय करायचं?

नेरुळ, मे अखेर

प्रिय पक्या,

यंदा पावसातही वागळे इस्टेटला सायकलनेच जाणार म्हणतोस? मान गए! 'जॅकेट कुठलं घेऊ' एवढंच विचारलंयस, पण उत्तर लांबणार. या एका वस्तूपायी माझे दोनदा पैसे गेलेत.

पहिलं जॅकेट चांगलं महाग होतं. लेबलवर १०,००० मिमी. म्हणजे कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी झिरपायचं नाही. झिरपलंही नाही बरं का. महापेला पोचून ऑफिसच्या बाथरूममध्ये बाही उलटी केली, तर कोपरापाशी साठलेलं चमचाभर पाणी बेसिनमध्ये ओघळलं. जिभेला लावून बघितलं (हसू नकोस). खारट! पाऊस बाहेरच राहिला होता, भिजलो होतो तो स्वतःच्या घामाने.

दुकानदार म्हणेल, कापड 'ब्रीदेबल' आहे, म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडतं. खोटं नसतं ते. पण वाफ बाहेर पडायला आतल्यापेक्षा बाहेरची हवा बरीच कोरडी लागते. जुलैत आपल्याकडे बाहेरची हवाच पाण्याने जड, वाफेने जायचं कुठे? शिवाय कापडावरचा पाणी झटकणारा थर घासून गेला की वरचं कापड पाणी पितं आणि उरलीसुरली वाटही बुजते. थंड देशांत ठीक आहे, तुर्भ्याच्या सिग्नलला नाही.

म्हणून आकडा बघू नकोस, भोकं बघ. काखेत लांब चेन हवी, पाठीवर झडपेखाली जाळी हवी. काखेतून थोडे थेंब येतील, येऊ देत. मात्र पुढच्या चेनमागे पट्टी हवीच. मी संध्याकाळी दक्षिणेकडे परततो, तेव्हा नैऋत्येचा वारा पाऊस थेट छातीवर फेकतो. जॅकेट उलटं करून शिवणींवर आतून टेप आहे का तेही बघ. नसेल तर पाणी खांद्याच्या टाक्यांतूनच शिरतं.

आणि दुकानात नुसतं ताठ उभं राहून घालून बघू नकोस. हँडल धरल्यासारखा वाक, हात पुढे कर. मी केलं तेव्हा दुकानातला पोऱ्या फिदीफिदी हसला. पण कळलं ना, की मनगट उघडं पडतं आणि पाठ वर सरकते! मागची बाजू लांबच हवी, नाहीतर चाकाने उडवलेला चिखल थेट पँटवर. टोपी हेल्मेटच्या आत मावणारी घे. वरून घ्यायची मोठी टोपी मान वळवली की डोळ्यावर येते, मग मागचा ट्रक काय दिसणार?

रंग पिवळा किंवा भगवट. तुला काळा आवडणार, माहितेय मला. पण नितीन जंक्शनला वायपर चालू असलेल्या रिक्षावाल्याला तू दिसलास पाहिजे. मागची चमकणारी पट्टी सॅकखाली झाकते, तेव्हा सॅकलाही एक लाव.

पोंचोचा, म्हणजे डोक्यातून घालायच्या बिनबाह्यांच्या सैल रेनकोटाचा, विचार काढून टाक. खाडीवरून वारा सुटला की त्याचं शीड होतं.

ओलं जॅकेट घडी करून ठेवू नकोस, आतल्या थराचे पापुद्रे निघतात. माझं पहिलं असंच गेलं. आणि ऑफिसात एक कोरडा शर्ट ठेवच.

रविवारी इकडे ये. माझं घालून बघ, माप एकच आहे आपलं. म्हणजे गेल्या दिवाळीपर्यंत तरी होतं.

तुझा,
नेरुळकर